ही बाई दुसरी आहे का?

दक्षाबेनकडे कुणी अडचण घेऊन आलं की त्या आधी त्याची खुर्ची फिरवत. तोंड भिंतीकडे, पाठ संगणकाकडे. मग स्वतःचा कीबोर्डही बाजूला सारत, हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "आधी काय व्हयनं ते सांग. काय वाटनं ते मंग सांगजो."

हे 'मंग' सहसा येत नसे. काय झालं ते नीट सांगता सांगता माणूस मधेच थांबायचा, जीभ चावायचा आणि खुर्चीसकट वळून आपलं काम आपणच दुरुस्त करायला लागायचा. ज्याचं तसं होत नसे त्याला त्या पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावत. चिडला तरी. विशेषतः चिडला तर.

शहाद्याच्या बाजारात पारसभाईंचं पिढीजात कापडदुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर पलीकडच्या खोलीत साड्यांची खोकी आणि अलीकडच्या खोलीत त्यांनीच काढलेलं आमचं ऑफिस. तिथं आम्ही लोकांना वेबसाइट करून देत असू. खाली गिऱ्हाईक म्हणे 'अजून दाखवा', वर गिऱ्हाईक म्हणे 'अजून बदला'. मी कॉलेजात तासिकेवर मराठी शिकवायचो आणि उरलेल्या वेळात इथं येऊन पडद्यावरचं मराठी लिहायचो. 'पुढे जा', 'जतन करा', 'माफ करा, काहीतरी चुकलं'. इतकं थोडं लिहून इतक्या लोकांनी वाचलेला लेखक आमच्या तालुक्यात तरी दुसरा नसेल. गिऱ्हाइकांचे तक्रारीचे फोनही माझ्याकडेच येत, कारण मला नम्र बोलता येतं असा सगळ्यांचा समज होता. दक्षाबेनबद्दल तसा समज कुणाचाच नव्हता.

त्या तापीकाठच्या गुजर घरातल्या. केळीची बाग, कापूस, अंगणात ट्रॅक्टर. पुण्यात चांगली नोकरी होती. वडिलांना पक्षाघात झाला म्हणून परत आल्या, आणि वडील गेल्यावरही परत गेल्या नाहीत. लोक कारण विचारत. त्या म्हणत, "तठे चूक सापडनी का मीटिंग करतस. आठे चूक सापडनी का चूक काढतस." चाळिशी ओलांडलेली, उंच, केस ओढून बांधलेले. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघता कपाळाकडे बघत. जणू तिथं एखादी ओळ छापलेली आहे आणि ती चुकलेली आहे.

एका डेअरीची वेबसाइट आम्ही केली होती. गावोगावच्या दुधाची नोंद ठेवणारी. एक दिवस तिथला कारकून जिना दणाणत वर आला. "बेन, तुमनी वेबसाइट बिघडनी. आजनं दूध कालनी तारीखमा पडी ऱ्हायनं. समदं उलटंपालटं!"

दक्षाबेननी त्याची खुर्ची फिरवली. "कोनं दूध?"

"समदासनं."

"समदासनं?"

कारकून भिंतीकडे बघत राहिला. "नही… धोंडूआबानं. आन त्या नदीकाठना गोठावालासनं."

"त्या कव्हय येतस?"

"अंधारामाच येतस. उजाडानी वाट नही देखत त्या…" आणि तो वळला. त्याला सर्व्हर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण आपलं उत्तर आपणच दिलं हे त्याला कळलं. आमचा सर्व्हर सातासमुद्रापार होता आणि तिथलं घड्याळ पाळत होता. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत त्याची कालची तारीखच चालू असे. त्याआधी दूध घालणारा त्याच्या हिशेबी कालच येऊन गेलेला. दक्षाबेननी एक ओळ बदलली आणि म्हणाल्या, "जो लवकर उठस, त्याले मशीन कालना मानूस समजस." मी हे वाक्य पुढं दोनदा व्याख्यानात वापरलं. तिथं ते तत्त्वज्ञान म्हणून खपलं.

त्यांचा दुसरा दंडक असा: "जे मशीनले समजस, ते मानूसले इचारू नही." फॉर्ममधला एकेक प्रश्न त्या निवडुंगाचा काटा उपटावा तसा उपटत. पिन कोड लिहिला ना, मग जिल्हा कशाला विचारता? जन्मतारीख दिली ना, मग वय कशाला? 'आपली खात्री आहे का?' हा प्रश्न त्यांना अपमान वाटे. त्यांच्या फॉर्मवर माणूस अडखळत नसे, आणि काम झालं की एक हिरवी खूण उमटे. ती हिरवी खूण हा त्यांचा अभिमान होता. माझाही. पुढं जो घात झाला तो याच तत्त्वाच्या पोटातून झाला, म्हणून ते इथं आधी सांगून ठेवतो.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका संस्थेचा दवाखाना आहे. त्यांच्या तीन जिपा. डोंगरातल्या पाड्यांवरच्या ज्या बायांचे दिवस भरत आले असतील त्यांना जीप आधीच खाली आणायची आणि दवाखान्याशेजारच्या खोल्यांत ठेवायची, अशी तिथली रीत. पावसाळ्यात नाले फुगतात, वाट तुटते. कळा सुरू झाल्यावर निघून भागत नाही. हे सगळं वर्षानुवर्षं नर्सच्या, ड्रायव्हरच्या आणि पाड्यावरच्या सेविकांच्या तोंडी चालायचं. आता ते वेबसाइटवर येणार होतं. सेविकेनं फोनवरून बाईचं नाव टाकायचं, रोज सकाळी ड्रायव्हरला यादी मिळायची. त्या वेबसाइटला मी एक लांबलचक संस्कृत नाव दिलं होतं. ड्रायव्हर तिला 'यादी' म्हणत.

यादी पंधरवड्यापासून वापरात होती, कारण बाळंतपणं उद्घाटनासाठी थांबत नाहीत. उद्घाटन मात्र व्हायलाच हवं होतं. पारसभाईंना त्याची फार हौस. त्यांनी शहाद्यात मोठा हॉल घेतला, भिंतीएवढा पडदा भाड्यानं आणला, आणि एक मोठे साहेब बोलावले. साहेब कळ दाबून वेबसाइट सुरू करणार आणि मग हॉलबाहेर फीत कापून तिन्ही जिपांना निरोप देणार. त्यासाठी आदल्या संध्याकाळी तिन्ही जिपा डोंगरातून उतरवून आणल्या होत्या. दवाखाना पायथ्याशी, बाया डोंगरात आणि जिपा शहाद्यात. पण हॉल शहाद्यातच होता, त्याला कोण काय करणार?

सकाळी मी हॉलबाहेर उभा होतो. झेंडूच्या माळा घातलेल्या जिपा ओळीनं उभ्या, पुढं दोन खांबांना बांधलेली लाल फीत, बाजूच्या टेबलावर तबकात कात्री. साहेब अजून आले नव्हते. माझा फोन वाजला.

"सर, सोनकीबाई यादीत नाही."

ही रुमलीबाई. वरच्या एका पाड्यावरची सेविका. घरी पावरी ही डोंगरातली बोली बोले, माझ्याशी शाळेतलं सावकाश मराठी.

"पान बंद करून पुन्हा उघडा," मी नम्रपणे म्हणालो.

"उघडलं. परत परत उघडलं. नाही ती." मग तिचा आवाज बारीक झाला. "सर, काल जीप आली होती. भिमसिंगदादानं जमनाबाईला नेलं. सोनकीबाई गाठोडं घेऊन उभी होती. दादा म्हणाला, हिचं नाव नाही. आज तिचं पोट दुखायला लागलंय. पहिल्या खेपेलाही तिला लई जड गेलं होतं, ते मूल राहिलं नाही. सरकारी गाडीला फोन केला, ती दुसऱ्या बाईला घेऊन पलीकडच्या घाटात गेलीय. नाल्याला पाणी चढतंय. आपली गाडी कुठंय?"

गाडी माझ्यासमोर होती. तिच्या आरशाला फुगा बांधलेला होता.

मी स्टेजमागच्या खोलीत धावलो. दक्षाबेन लॅपटॉपला पडद्याची वायर जोडत होत्या. मी काय झालं ते सांगितलं; घाईत काय वाटलं तेही सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. रुमलीबाईची खुर्ची फिरवणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःची फिरवली. भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"रुमलीबाई, मी दक्षा. सोनकीबाईचं नाव टाकलंत तेव्हा काय झालं?"

"हिरवी खूण आली."

"मग?"

"मग जमनाबाईचं टाकलं. हिरवी खूण आली."

"त्यानंतर सोनकीबाईचं नाव दिसत होतं का?"

"बघितलं नाही, ताई. हिरवी खूण आली ना."

दक्षाबेननी लॅपटॉप ओढला आणि दोन खोट्या बायांची नावं टाकली. दोन्हींना हिरवी खूण आली, दोन्ही यादीत दिसल्या. स्वतःच्या फोनवरून करून पाहिलं. दिसल्या. मधेच नेट बंद करून पाहिलं. तरी दिसल्या. "आठे तर चाली ऱ्हायनं," त्या पुटपुटल्या. 'आमच्याकडे चालतंय' हे ज्याच्या तोंडून निघे त्याला त्या एरवी जिन्यापर्यंत पोचवून येत. आज ते त्यांच्याच तोंडून निघालं होतं आणि त्यांची मान लाल झाली होती. बाहेर कुणीतरी माइकवर 'हॅलो, हॅलो' करत होता. पारसभाई दारातून डोकावले. "बेन, व्हयनं का? साहेब निंघनात."

"रुमलीबाई, तुम्ही बोटानं जे जे दाबलं ते सगळं सांगा. नाव?"

"सोनकी."

"गाव?"

"आमचा पाडा."

"फोन नंबर कोणता टाकला?"

"फोनचा."

"कुणाच्या फोनचा?"

लहान मुलाला समजावावं तशी रुमलीबाई म्हणाली, "फोनचा, ताई. फोन एकच आहे ना."

पाड्यावर रेंज नाही. टेकाडावर एक मोहाचं झाड आहे, त्याच्याखाली तेवढी येते. म्हणून पाड्याचा फोन त्या झाडाच्या फांदीला कापडी पिशवीत टांगलेला असतो. वाजला की वाटेनं जाणारा कुणीही उचलतो आणि ज्याचा असेल त्याला खाली हाक मारतो. सोनकीचा नंबर तोच, जमनाचा तोच, रुमलीबाईचा तोच. "मी आता त्या झाडाखालूनच बोलते," ती म्हणाली. "आमच्या बाजूच्या पाड्यांवर असंच आहे सगळीकडं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

नव्हतं. आम्ही ठरवलं होतं की एक नंबर म्हणजे एक बाई. तोच नंबर पुन्हा आला तर बाई तीच. फक्त तिची माहिती सुधारायची आहे. मशीनला हे समजतं, मग माणसाला कशाला विचारा? जुन्या नोंदीवर नवी लिहून टाका आणि हिरवी खूण दाखवा. हे सगळं आम्ही नीट तपासलंही होतं: शहाद्यात, लोणखेड्याला, तापीकाठच्या गावांत, घरात जितकी माणसं तितके फोन असलेल्या ठिकाणी. आम्ही सगळे सपाटीवरचे. डोंगरातल्या प्रत्येक पाड्यावर बाया एकीवर एक लिहिल्या गेल्या होत्या आणि सर्वांत वरची तेवढी उरली होती.

"मी चुकनी," दक्षाबेन म्हणाल्या. यात क्षमा मागण्याचा सूर नव्हता. पाऊस पडतोय असं सांगावं तसं सांगितलं. मग उठून फोन माझ्या हातात दिला. "सर, फोन ठेवू नका. तिला म्हणावं, सोनकीबाईला झोळीत घालून नाल्याच्या अलीकडे आणा. पाणी अजून चढायच्या आत. गाडी नाल्यावर येते."

बाहेर पारसभाई फितीजवळच उभे होते, नवा सफारी घालून. दक्षाबेननी दोन वाक्यांत सांगितलं. पारसभाई वाईट माणूस नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांच्यामागे हॉल भरलेला होता आणि साहेबांचा फोन नुकताच येऊन गेला होता.

"पंधरा मिनिट, बेन. साहेब प्रकाशाना देऊळमा शेत. देवनं दर्शन लेतस आन येतसच. मंग तिन्ही गाड्या सोडी देऊ, शपथ. फीत कापाले कितला टाइम लागस?"

"देखा," दक्षाबेन म्हणाल्या, तबकातली कात्री उचलली आणि फीत कापली.

बँडवाल्यांना वाटलं सुरुवात झाली. त्यांनी वाजवायला घेतलं.

पहिल्या जिपेवर भिमसिंगच होता. सोनकीचं नाव ऐकल्यावर त्यानं हातातला चहा तसाच खाली ठेवला. "ती उभी व्हती, बेन. मी तिले देखं. गाडीत जागा भी व्हती." त्यानं माळ ओढून काढली, फुगा तोडला. "यादीत नही म्हनीसन…"

"यादी मन्ही शे. तू जाय."

जीप बँडच्या मधून निघाली. घाट चढून तिला अडीच-तीन तासांची वाट होती.

त्यानंतरचे तास मला सलग आठवत नाहीत, पण दक्षाबेन आठवतात. त्यांनी पहिलं काम केलं ते वेबसाइट बंद करण्याचं. "सर, लिहा काहीतरी, लवकर." माझी लेखणी अशा प्रसंगी आपोआप चालते. मी लिहिलं, 'तांत्रिक कारणास्तव ही सेवा तात्पुरती स्थगित करण्यात येत आहे. गैरसोयीबद्दल दिलगिरी.'

त्यांनी ते वाचलं. "हाई तुमले काय वाटनं ते शे. व्हयनं काय ते लिखा."

मी पुसलं आणि लिहिलं: 'यादीतून काही बायांची नावं गळाली आहेत. चूक आमची आहे. यादीवर जाऊ नका. तुम्हाला माहीत असलेल्या प्रत्येक बाईला घेऊन या.'

दक्षाबेनचा कुणावर विश्वास नसे, स्वतःच्या सर्व्हरवर तर नाहीच. म्हणून रोज पहाटे सगळ्या नोंदींची एक प्रत त्या निराळी ठेवत. आता त्या एकेका दिवसाची प्रत दुसऱ्या दिवसाच्या प्रतीशी लावून पाहू लागल्या. काल होती आणि आज नाही अशी बाई सापडली की तिचं नाव मोठ्यानं वाचत. मी त्या पाड्याचा फोन लावत असे. कुठं तो वाजत राही. कुठं कुणी गुराखी उचले आणि टेकाडावरून खाली हाक मारी. ती हाक मला इथं ऐकू येई. पण सोनकी आणि जमना यांची नावं एकाच दिवशी टाकलेली होती, आणि सोनकीसारख्या बाया कुठल्याच प्रतीत सापडणार नव्हत्या. त्यांच्यासाठी उपाय एकच: प्रत्येक पाड्याला विचारायचं, तुमच्याकडे अजून कोण आहे? दक्षाबेननी आयुष्यभर लोकांना न विचारण्याची तजवीज केली होती. त्या दिवशी त्या विचारत बसल्या. पोटुशी बाई अजून कोण आहे? अजून? अजून कुणी?

दुसरी जीप गेली, मग तिसरी. साहेब आले तेव्हा फितीचे दोन तुकडे खांबांना लोंबत होते आणि निरोप द्यायला एकही गाडी नव्हती. पारसभाईंनी त्यांना तसंच स्टेजवर नेलं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, साहेबांनी डिजिटल क्रांतीवर भाषण केलं आणि कळ दाबली. भिंतीएवढ्या पडद्यावर अक्षरं उमटली: यादीतून काही बायांची नावं गळाली आहेत. चूक आमची आहे.

टाळ्या झाल्या. कळ दाबल्यावर टाळ्या वाजवायच्या असं आधी सांगून ठेवलेलं होतं.

स्टेजमागे आम्हाला त्याचं काही नव्हतं. झाडावरचा फोन आता उचलला जात नव्हता. रुमलीबाई सोनकीबरोबर नाल्याकडे गेली असणार, आणि तिथं रेंज नव्हती. भिमसिंगचा फोन घाटात बंद. दक्षाबेन काम करत होत्या, पण दर थोड्या वेळानं त्यांची नजर माझ्या फोनवर येई. मी उगाच म्हणालो, "पोचला असेल." त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. मी पुढच्या पाड्याचा फोन लावला. हॉल रिकामा झाला, खुर्च्या एकमेकींवर चढल्या, पडदेवाला वायर मागायला आला आणि परत गेला.

उन्हं उतरायला लागल्यावर भिमसिंगचा फोन आला. मी तो दक्षाबेनच्या कानाशी धरला. त्यांचे हात कीबोर्डवरून उठेनात. नाल्यातून चार माणसांनी झोळी डोक्यावर धरून आणली होती, पाणी छातीला लागत होतं. दवाखान्याच्या फाटकात, गाडीतच, बाळंतपण झालं. रक्त बरंच गेलं, पण डॉक्टरीणबाई हाताशी होत्या. "पोर व्हयनी, बेन. दोन्ही बऱ्या शेत."

दक्षाबेननी मान हलवली, जी भिमसिंगला दिसणार नव्हती. मग पुढच्या पाड्याचं नाव वाचलं.

गोष्ट इथं संपती तर पारसभाई आणि दक्षाबेन आजही एका छताखाली असते. पण चार दिवसांनी पेपरात बातमी आली की नव्या वेबसाइटमुळे पहिल्याच दिवशी माता आणि बालिकेचे प्राण वाचले. ती कुणी दिली हे विचारायची गरज नव्हती. सफारीतला फोटो होता. लोकांना बातमी आवडली. आणखी दोन-तीन संस्थांनी पारसभाईंकडे तसलीच वेबसाइट मागितली. मग सत्कार ठरला. त्याच हॉलमध्ये.

दक्षाबेनना शाल दिली, नारळ दिला, चार शब्द बोलायला सांगितलं. त्या माइकपाशी गेल्या. शाल खांद्यावरून काढून नारळाभोवती गुंडाळली आणि बाजूला ठेवली, म्हणजे हात मोकळे राहतील.

"काय वाटनं ते समदासनी सांगं," त्या म्हणाल्या. "मी काय व्हयनं ते सांगस. सोनकीबाईनं नाव रुमलीबाईनी टाकं व्हतं. मन्हा प्रोग्रामनी ते पुसं. तिले भिमसिंगनी वाचाडं, रुमलीबाईनी वाचाडं, चार माणसं छातीइतला पानीमा उतरनात त्यासनी वाचाडं. वेबसाइटनी नही." आणि खाली उतरल्या. या वेळी टाळ्यांचं आधी कुणी सांगितलेलं नसल्यानं हॉल गोंधळला.

दुसऱ्या दिवशी वरच्या खोलीत पारसभाई म्हणाले, "बेन, सांगानी काय गरज व्हती? पोर जित्ती शे. माय जित्ती शे. कोनं काय बिघडनं?" त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता.

दक्षाबेन म्हणाल्या की वेबसाइट जरूर विका, पण पहिल्या पानावर ही चूक लिहून विका. म्हणजे पुढं कुणी अशी यादी करील तो आधी झाडाखालच्या फोनची चौकशी करील. पारसभाई म्हणाले, आपल्या दुकानात साडी दाखवताना फाटलेली बाजू कुणी आधी दाखवतं का? दक्षाबेन म्हणाल्या, "मी दाखाडती." महिनाअखेरीस त्यांनी काम सोडलं. भांडण असं झालंच नाही. पारसभाईंनी त्यांची खुर्ची अजून कुणाला दिलेली नाही; समोरची, अडचण घेऊन येणाऱ्याची खुर्चीही भिंतीकडे तोंड करून तशीच आहे.

जाण्याआधी त्यांनी यादी दुरुस्त केली. आता नंबर आधीच असेल तर वेबसाइट काही ठरवत नाही, विचारते. त्या प्रश्नाचे शब्द माझ्याकडे आले. मी लिहिलं, 'सदर क्रमांक यापूर्वी नोंदविण्यात आलेला आहे. कृपया खातरजमा करावी.' दक्षाबेननी पडदा माझ्याकडे वळवला. "सर, रुमलीबाई झाडखाले उभी शे."

मी बदललं: 'या फोनवर जमनाबाईंचं नाव आहे. ही बाई दुसरी आहे का?' खाली दोन मोठी बटणं, हो आणि नाही. माझ्या सगळ्या लेखनात फक्त या दोन वाक्यांतला एकही शब्द काढता येणार नाही, असं मला वाटतं. वाटतं.

दक्षाबेन आता गावी, बागेच्या मधोमध असलेल्या घरातून, सुरतेच्या कुठल्याशा कंपनीचं काम करतात. यादी चालू आहे. तिचे फोन अजून माझ्याकडे येतात. गेल्या महिन्यात रुमलीबाईचा आला. सोनकीची पोर रांगते, हे आधी सांगितलं. मग म्हणाली, "सर, ते मशीन दर वेळी विचारतं, ही बाई दुसरी आहे का म्हणून. आमच्या पाड्यावर दर वेळी दुसरीच असते. आम्हाला माहीत आहे ना. तेवढं काढून टाका की."

मला ते पटलं. मी दक्षाबेनना फोन लावला. त्यांच्या मागं मोटारीचा आवाज येत होता, केळीला पाणी चालू असावं. मी रुमलीबाईचं म्हणणं सांगितलं, आणि त्यांचाच जुना दंडकही ऐकवला: जे समजलेलं आहे ते माणसाला विचारू नये.

मोटार चालू होती.

"ऱ्हाऊ द्या, सर," त्या म्हणाल्या. "ते रुमलीबाईले नही इचारत. माले इचारी ऱ्हायनं."